किताब कुणाचा, हौदा कुणाचा?

कुस्तीतील किताबांच्या वादावर आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते त्यात एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो : खरा विजेता कोण? पाठ टेकली की नाही, गुण दोन द्यायचे की चार, पंच कुणाच्या बाजूचा होता, या सगळ्या उपप्रश्नांचा रोख तिकडेच असतो. माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की ज्या वादातून खरा विजेता आणि खोटा विजेता ठरतो त्या वादात उतरण्याचा अधिकार कुणाला होता? हरलेला मल्ल निदान आपल्यावर अन्याय झाला असे ओरडून सांगू शकतो. ज्याला हौद्यात पाऊलच टाकू दिले नाही त्याची हार कोणत्याच वहीत नोंदलेली नसते, म्हणून त्याचा वादही नसतो. कुस्तीवरच्या लेखनाची चिकित्सा करायची तर ती या न झालेल्या वादापासून करावी लागेल.

आधी झालेले वाद पाहू. २०२३ या एका वर्षात महाराष्ट्रात ‘महाराष्ट्र केसरी’ किताबासाठी तीन स्पर्धा झाल्या. जानेवारीत पुण्यात कोथरूडला एक, आणि नोव्हेंबरमध्ये दोन : एक फुलगावला, दुसरी धाराशिवला. राज्यातल्या कुस्तीची सूत्रे कुणाकडे, यावरून दोन संघटना एकमेकींसमोर उभ्या होत्या आणि दोघींनी आपापला केसरी निवडला. फुलगावला सिकंदर शेख जिंकला, धाराशिवला शिवराज राक्षे. त्याआधी जानेवारीत माती विभागाच्या अंतिम लढतीत मोहोळचा सिकंदर आणि मंगळवेढा तालुक्यातला महेंद्र गायकवाड, असे आमच्या सोलापूर जिल्ह्यातलेच दोघे समोरासमोर आले. महेंद्रच्या बाहेरी टांगेला पंचांनी चार गुण दिले आणि त्यावरून अख्खा महाराष्ट्र पेटला. पंचाला धमकीचे फोन गेले. येथे सात रस्त्याला चहाच्या गाड्यांवर जो तो मोबाईलवर ती चार-पाच सेकंदे पुढे-मागे करून आपला निकाल देत होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला याच्याही पुढची पायरी गाठली गेली. आपली पाठ टेकलेलीच नव्हती असे म्हणत शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली, अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड मॅट सोडून गेला, पृथ्वीराज मोहोळ केसरी ठरला आणि या दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली.

हे सगळे पाहून हळहळणारी मंडळी म्हणतात, पूर्वी असे नव्हते. कुस्तीत राजकारण आता शिरले. या स्मरणरंजनाला इतिहासाचा आधार नाही. धंदेवाईक कुस्तीचा जन्मच वादात झालेला आहे. ३ एप्रिल १९०८ रोजी शिकागोत अमेरिकेच्या फ्रँक गॉच याने ‘रशियन सिंह’ म्हणून गाजलेल्या जॉर्ज हॅकेनश्मिट याला हरवले. कुस्ती सुमारे दोन तास चालली आणि शेवटी हॅकेनश्मिटने हार कबूल केली. नंतर मात्र त्याने तक्रार केली की, गॉचने अंगाला तेल चोपडले होते, पकड बसतच नव्हती. १९११ मध्ये ते पुन्हा शिकागोतच भिडले, गॉच पुन्हा जिंकला, आणि हॅकेनश्मिटच्या दुखऱ्या गुडघ्यावरून पुन्हा वाद झाला. या दोन कुस्त्यांवर ‘जगज्जेता’ हा शब्द उभा राहिला.

या दोन कुस्त्यांच्या मधल्या काळात, १९१० साली, गामा लंडनला गेला होता. बरोबर भाऊ इमामबक्ष होता आणि खर्चाला शरत्कुमार मित्र नावाचा बंगाली धनिक होता. गामाची उंची कमी म्हणून त्याला आधी स्पर्धेत घेतलेच नाही, असे सांगितले जाते. तेव्हा त्याने नाट्यगृहातून उघड आव्हान दिले. ऑगस्टमध्ये त्याने अमेरिकन डॉक्टर बेंजामिन रोलर याला पाडले. १० सप्टेंबरला पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को समोर आला. काही क्षणांतच गामाने त्याला खाली घेतले, आणि त्यानंतर जवळजवळ अडीच तास झ्बिस्को मॅटला पोट चिकटवून पडून राहिला. निकाल लागेना. १७ सप्टेंबरला पुन्हा कुस्ती ठरली, त्या दिवशी झ्बिस्को आलाच नाही आणि ‘जॉन बुल’ पट्टा गामाला मिळाला. गंमत पाहा, इंग्रजाचे टोपणनाव असलेला पट्टा इंग्रजांच्या गुलाम देशातला माणूस घेऊन आला. परंतु अमेरिकेतल्या जगज्जेतेपदाच्या वंशावळीत या कुस्तीला जागा मिळाली नाही. गॉच गामाशी लढला नाही, हॅकेनश्मिटही लढला नाही. न लढता ते जगज्जेते राहिले.

हा झ्बिस्को अभ्यास करण्यासारखा मल्ल आहे. १९२० च्या दशकात अमेरिकन कुस्तीत निकाल आधी ठरू लागले होते. एड लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या त्रिकुटाच्या हाती सगळा कारभार होता. त्यांनी १९२५ च्या जानेवारीत वेन मन नावाच्या फुटबॉल खेळाडूला जगज्जेता करून टाकले. गडी धिप्पाड, पण कुस्ती बेताची. एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात झ्बिस्कोने त्याच्याकडून हरायचे होते. झ्बिस्को ठरलेले विसरला आणि खरी कुस्ती लढला. मन चीत झाला, किताब झ्बिस्कोकडे गेला आणि पुढच्याच महिन्यात त्याने तो प्रतिस्पर्धी गटाच्या जो स्टेकरकडे सोपवला. १९१० मध्ये खऱ्या कुस्तीतून पळालेल्या माणसाने १९२५ मध्ये खोट्या कुस्तीत खरी कुस्ती खेळून दाखवली! जानेवारी १९२८ मध्ये तो पतियाळाला आला. दोघेही पन्नाशीच्या आसपास होते. गामाने त्याला एका मिनिटाच्या आत आस्मान दाखवले.

या कथेतून किताबाचे एक लक्षण उघड होते. किताब म्हणजे नुसते बळ नव्हे, किताब म्हणजे मान्यता. ती देणारा कुणीतरी असावा लागतो : दतिया-पतियाळाचा राजा, लंडनचा पट्टा देणारा, अमेरिकेतला ठेकेदार, आजची राज्य संघटना. मान्यता देणारा बदलला की विजेताही बदलतो. आपल्याकडे ही गोष्ट फार जुनी आहे. सोलापूरहून फार लांब नसलेल्या कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांची प्रतवारी, त्यांचा खुराक, त्यांचा सराव आणि राजासमोर लावायच्या जोडी हे सगळे त्यात आहे. म्हणजे मल्लाचा वर्ग राजा ठरवतो. गुजरातेतल्या ज्येष्ठीमल्ल ब्राह्मणांचे ‘मल्लपुराण’ त्याच्याही पुढे जाते. १९६४ मध्ये बडोद्याहून छापल्या गेलेल्या या पुराणात मल्लविद्या श्रीकृष्णाने एका जातीच्या स्वाधीन केली आहे. एकदा विद्या जातीच्या नावावर चढली, की किताबाचा वाद जातीच्या आतच खेळायचा. बाहेरच्याला वाद घालायलाही वाव राहत नाही.

आणि त्याच कृष्णाच्या कथेत मथुरेच्या आखाड्यात जो मारला गेला तो चाणूर कोण होता? विष्णुसहस्रनामात कृष्णाचे एक नाव चाणूर या आंध्र मल्लाला मारणारा असे आहे. हरणाऱ्याची ओळख आपल्या परंपरेने जपून ठेवली, पण ती जिंकणाऱ्याचे बिरुद म्हणून. चाणूराच्या बाजूची हकीकत कुठल्याच पुराणात नाही. ज्या सोलापुरात अर्धा गाव तेलुगू बोलतो, तिथे तरी हा प्रश्न कुणाला सुचायला हवा होता.

गामाच्या कथेचे राष्ट्रवादी वाचन आपल्या परिचयाचे आहे. ज्या देशातल्या माणसाला साहेब दुबळा म्हणत होता, त्या देशाच्या माणसाने साहेबाच्या राजधानीत जाऊन शड्डू ठोकला. जोसेफ आल्टर या अमेरिकन अभ्यासकाने गामावरच्या आपल्या निबंधात हा धागा चांगला उलगडला आहे. या वाचनाला माझा विरोध नाही. माझी तक्रार एवढीच की ते अर्ध्यावर थांबते. लंडनने गामाला दारात अडवले याचा संताप येणारा तोच पांढरपेशा वाचक आपल्या गावच्या तालमीच्या दारात कोण अडवला जातो, याकडे पाहत नाही. गामाला आव्हान देता आले, कारण त्याच्यामागे पैसा आणि संस्थान उभे होते. ज्याच्यामागे गावकुसाबाहेरच्या चार झोपड्या उभ्या आहेत त्याने आव्हान कुठल्या नाट्यगृहातून द्यायचे?

येथे कुस्तीचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. हा स्पर्शाचा खेळ आहे. क्रिकेटमध्ये दोन माणसांच्या मध्ये चेंडू असतो. पुण्याच्या पाळवणकर बाळू या चांभार समाजातल्या गोलंदाजाला हिंदूंच्या संघाने घेतले, कारण त्याच्या डावखुऱ्या फिरकीवाचून इंग्रजांना हरवणे अवघड होते. मैदानात त्याचा चेंडू सर्वांना चालत होता, चहा मात्र त्याला तंबूबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले, तरी संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. ते त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळायला १९२३ साल उजाडावे लागले, तेही मोठ्या वादानंतर. क्रिकेटमध्ये निदान चेंडूच्या आडोशाने हा वाद उभा तरी राहू शकला. कुस्तीत आडोसाच नाही. छातीला छाती लागते, घामात घाम मिसळतो, एकाच्या अंगची माती दुसऱ्याच्या अंगाला लागते. ज्या समाजाने सावलीचा विटाळ मानला त्याने हौद्यात कुणाला उतरू द्यायचे याचा विचार किती बारकाईने केला असेल, याची कल्पना करता येते. पंच डोळ्यांत तेल घालून पाहतो की खांदा मातीला लागला की नाही. गावही तसेच डोळ्यांत तेल घालून पाहत होते की हा अंगाला लागला की नाही. दोन्हीकडे निकाल स्पर्शावरच होता.

आता आपल्या ललित लेखनाकडे वळू. मराठी ग्रामीण कथेत जत्रा आली की कुस्त्यांचा फड येतो, आणि फड आला की एक वाक्य हमखास येते : हलगी कडाडली. हे वाक्य व्याकरणाच्या अंगाने तपासून पाहावे असे मी माझ्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. पैलवान शड्डू ठोकतो, वस्ताद डोळ्यांनी खुणावतो, पाटील फेटा उडवतो, पंच हात वर करतो. या सर्व क्रियांना कर्ता आहे. हलगी मात्र आपली आपण कडाडते. तिच्यामागे दोन हात आहेत, एक काडी आहे, विस्तवावर कातडे तापवून बसलेला माणूस आहे, हे मराठी गद्याला आठवत नाही. हौदा ‘उकरला जातो’, माती ‘टाकली जाते’. जिथे दलित माणसाचा हात लागतो तिथे मराठी वाक्य कर्मणी होते किंवा अकर्मक होते. लेखक दुष्ट असतो असे मला म्हणायचे नाही. जे गावाने त्याला पाहू दिले नाही ते त्याच्या वाक्यालाही दिसले नाही, एवढेच.

या अकर्मक क्रियापदाचा कर्ता माझ्या घरात होता. माझे वडील आमच्या गावच्या जत्रेत हलगी वाजवत. लहानपणी तालमीत जावे असे त्यांच्या मनात फार होते. तालमीसाठी ओढ्यातून माती वाहून आणायला त्यांना बोलावत, ती उंबऱ्याशी ओतून परत फिरावे लागे. कुस्ती मात्र त्यांना जितकी कळत होती तितकी फार थोड्या माणसांना कळत असावी, कारण हलगीवाल्याला ती कळावीच लागते. जोड खडाखडी करत असते तेव्हा ठेका सैल, एकाने पट काढला की चढता, आणि डाव अडकून दोघांचे श्वास कोंडले की मधेच एक थांबा. हा थांबा चुकला तर पैलवानाचा दम चुकतो. म्हणजे मल्लाच्या अंगाला न लागता त्याचा श्वास ओळखणारा माणूस हौद्यापासून पाच हातांवर उभा असे. एका वर्षी शेवटच्या कुस्तीचा निकाल वादात सापडला. गाव दुभंगले, दोन दिवस बैठका चालल्या, मळ्यात होते त्यांचीही साक्ष घेतली गेली. वडिलांना कुणी विचारले नाही. खांदा लागला होता की नाही हे त्यांनी घरी भाकरी खाताना आईला सांगितले. ती साक्ष आमच्या घराबाहेर गेली नाही. मी पदवी घेतली, प्राध्यापक झालो, आता ती येथे लिहितो आहे : खांदा लागला नव्हता.

कुणी म्हणेल, ही परंपराच तशी आहे, हलगीवाला हौद्याबाहेरच असतो. हे खोटे आहे आणि ते खोटे ठरवायला फार दूर जावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात तालीम चालवणारा वस्ताद मातंग होता. लहुजी राघोजी साळवे यांना लोक ‘वस्ताद’ म्हणत ते कुठल्या संघटनेच्या ठरावाने नव्हे. त्यांच्या तालमीत दांडपट्टा, नेमबाजी आणि कुस्ती शिकायला उच्चवर्णीय घरांतली मुले येत, आणि जोतीराव फुले हेही तिथलेच शिष्य. १८४८ नंतर जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळांवर दगड-शेण येऊ लागले तेव्हा लहुजींनी त्यांची पाठराखण केली. त्याच शाळांत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त छापला गेला. म्हणजे एकाच समाजाकडे त्या काळी शरीर शिकवणारा वस्ताद होता आणि लेखणी उचललेली मुलगीही होती. मग शंभर वर्षांत तोच समाज कुस्तीच्या चित्रात फक्त आवाज म्हणून का उरला? हा खरा किताबाचा वाद आहे. वस्ताद हा किताब लहुजींकडून कुणी हिरावला नाही, तो पुढे दिला जाऊ दिला नाही.

छत्रपती शाहू महाराजांचे कार्य या संदर्भात बारकाईने पाहावे लागते. युरोपचा दौरा करून आलेल्या या राजाने रोमच्या प्रेक्षागाराचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून कोल्हापुरात खासबाग मैदान बांधले. १९१२ मध्ये तिथे इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती झाली. लंडनहून परतलेल्या गामाच्या घरातली कुस्ती आपल्या मातीवर अशी आली. पण शाहू महाराजांचे मोठेपण केवळ मैदान बांधण्यात नाही. त्यांनी १९०२ मध्ये मागासलेल्यांना नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि गंगाराम कांबळेंनी चहाचे दुकान काढले तेव्हा तिथे थांबून स्वतः चहा घेतला. जो राजा कुस्तीचा किताब देत होता तोच स्पर्शाचा किताबही देत होता. पाळवणकर बाळूला वेगळ्या भांड्यात मिळालेला चहा आणि शाहू महाराजांनी गंगारामच्या हातून घेतलेला चहा शेजारी शेजारी ठेवून पाहिले, की क्रीडेचा आश्रयदाता आणि समाजाचा सुधारक यांतले अंतर कळते. पुढे आलेल्या आश्रयदात्यांनी शाहूंचे मैदान घेतले, चहा घेतला नाही. साखर कारखाने आले, सहकारी संस्था आल्या, चांदीच्या गदा आल्या. तालमीच्या उंबऱ्याचा प्रश्न त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेवर आला नाही.

या विषयावर जगभर ज्याचा उल्लेख होतो तो रोलाँ बार्त या फ्रेंच समीक्षकाचा निबंध १९५७ च्या ‘मायथॉलॉजीज’ या पुस्तकात आहे. बार्त म्हणतो, धंदेवाईक कुस्ती हा खेळच नाही, ते नाट्य आहे. निकाल ठरलेला आहे की नाही याची प्रेक्षकाला पर्वा नसते, त्याला वेदना, पराभव आणि न्याय यांची ठळक चिन्हे पाहायची असतात. दुष्टाला शेवटी किंमत मोजावी लागते हे पाहून तो समाधानाने घरी जातो. निबंध तल्लख आहे. पण त्यात एक जागा अशी आहे जिथे दलित वाचक अडखळतो. बार्त एका पन्नाशीच्या, सुटलेल्या अंगाच्या मल्लाचे वर्णन करतो आणि सांगतो की, त्याने काही करण्याआधीच त्याचे शरीर पाहून प्रेक्षकाला किळस येते. त्या शरीरातच त्याचा दुष्टपणा लिहिलेला असतो. बार्तला यात चिन्हाची स्पष्टता दिसते. मला त्यात गाव दिसते. काही करण्याआधीच ज्याच्या शरीराची किळस ठरलेली आहे असा माणूस आमच्याकडे हजारो वर्षे जन्माला येत होता, आणि त्याला ‘किंमत मोजायला’ लावणे यालाच न्याय म्हटले जात होते. किळस ही प्रेक्षकाच्या मनात आपोआप उगवत नाही, ती शिकवली जाते. शिकवणारा कोण, हे बार्तने विचारले नाही.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मल्लांचा अनुभव या जागी बार्तपेक्षा जास्त शिकवतो. १९६२ च्या ऑगस्टमध्ये न्यूअर्कला बोबो ब्राझील या कृष्णवर्णीय मल्लाने बडी रॉजर्स या जगज्जेत्याला पाडले. पण कथेत असे रचले होते की ब्राझीलने तो किताब लगेच घेऊ नये, आणि संघटनेच्या विजेत्यांच्या यादीत त्याचे नाव चढले नाही. मोठ्या, देशभर मान्य असलेल्या कंपनीच्या जागतिक किताबावर रॉन सिमन्स या कृष्णवर्णीय मल्लाचे नाव निर्विवादपणे यायला १९९२ साल उजाडले. येथे थांबून विचार करा. ही कुस्ती ठरवून होत होती. काळा माणूस विजेता दाखवायला कुणाचेही बळ आड येत नव्हते, कागदावर एक नाव लिहायचे होते. तरीही तीस वर्षे ते लिहिले गेले नाही. खऱ्या कुस्तीत तो हरला असे तरी म्हणता आले असते. खोट्या कुस्तीतही तो जिंकू शकत नव्हता, याचा अर्थ ज्यांच्या हाती कल्पना होती त्यांच्या कल्पनेतच त्याला जागा नव्हती. आपल्या ‘हलगी कडाडली’ या वाक्याशी याचे नाते उघड आहे. कथाही ठरवून लिहिलेली असते. तिथे तरी हलगीवाल्याला कर्ता करायला कुणी अडवले होते?

चळवळीतले काही मित्र मला म्हणतात, कुस्ती ही सरंजामी करमणूक आहे, पाटलांच्या पोरांचे खूळ आहे. त्यात शिरण्याचा आग्रह कशाला? आणि हलगी तर जातीने लादलेले काम, ती फेकून द्यावी. या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला तो देवाच्या दर्शनाने उद्धार होईल या भाबडेपणाने नव्हे. माणूस म्हणून असलेला हक्क बजावण्यासाठी बाबासाहेबांनी तो केला. हौद्याचेही तसेच आहे. गदा मिळाल्याने दलित माणूस मुक्त होणार नाही. पण माझे शरीर कुणाच्याही शरीरासमोर बरोबरीने उभे राहू शकते, हे सांगण्याची इतकी उघड जागा गावात दुसरी नाही. हलगीबद्दल तर मी लाजेच्याही बाजूने नाही आणि गौरवगीतांच्याही बाजूने नाही. तरुणाने जातीचे काम म्हणून ती नाकारली तर त्याचा नकार योग्यच आहे. कलावंत म्हणून स्वीकारली तर तिचा मोबदला आणि तिचे नाव मागण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. वाईट आहे ती मधली अवस्था, जिथे हलगी हवी असते आणि हलगीवाला नको असतो.

सिकंदर शेखच्या प्रकरणाकडे या अंगाने पाहिले तर त्यातली एक आशादायक गोष्टही दिसते. हमालाच्या घरातला एक मुसलमान मुलगा वादाच्या केंद्रस्थानी होता आणि त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत सर्व जातींची पोरे होती. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिल्यांदा महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी जिंकली. म्हणजे हौद्याची कड सरकू शकते. आजच्या मॅटवरच्या कुस्तीत पंचांचा निर्णय मान्य नसेल तर दाद मागता येते, चित्रफीत पुन्हा पाहिली जाते. ही सुधारणा मोलाची आहे. मात्र दाद मागण्याचा हा हक्क मॅटवर असलेल्याचा आहे. मॅटवर येऊच न शकलेल्याने दाद कुठे मागायची, याची चित्रफीत कुणाकडे आहे?

ती आपल्याकडेच आहे, फक्त ती माणसांच्या तोंडी आहे. कुस्त्यांच्या मैदानाचे पत्रक घ्या. पैलवानांची नावे, त्यांच्या तालमी, इनामाची रक्कम, देणगीदार, पंच, निवेदक हे सगळे त्यात असते. अलीकडे काही मैदानांच्या पत्रकांवर हलगीवादकाचेही नाव येऊ लागले आहे, अजून पुष्कळ ठिकाणी येत नाही. ते सर्व पत्रकांवर आले पाहिजे आणि त्याच्या मानधनाचा आकडाही पैलवानांच्या इनामाच्या शेजारी छापला गेला पाहिजे. ज्यांच्या हातात तालमी आहेत त्यांनी आपल्या पटावरच्या मुलांची वस्ती एकदा स्वतः तपासून पाहावी. आणि जे विद्यार्थी आणि शिक्षक हे वाचत आहेत त्यांनी पुढच्या जत्रेत वही घेऊन जावे, पण हौद्याकडे तोंड करून बसू नये. हलगी वाजवणारा, माती उकरणारा, पाणी मारणारा, यांच्यासमोर बसावे. त्यांनी कोणत्या कुस्त्या पाहिल्या, कोणता निकाल त्यांना खोटा वाटला, कोणत्या पोराला तालमीच्या दारातून परत पाठवले, हे नावागावासह लिहून घ्यावे. त्या वह्या भरल्या की मराठी कुस्तीचा इतिहास नव्याने लिहावा लागेल, आणि त्यातल्या वाक्यांना कर्ता असेल.